नकाशाचा कापलेला कोपरा

सिडनीच्या गिरावीन उपनगरात उल्हास करंबेळकरच्या घरी त्या रविवारी मिसळ झाली, त्यावर ताक झालं, आणि मग ज्यासाठी सगळ्यांना बोलावलं होतं तो विषय निघाला. ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला मराठी मंडळातल्या सहा कुटुंबांनी वाराबीन धरणावर मासे पकडायला जायचं. नेता अर्थातच उल्हास. मागच्या वर्षी त्याच धरणातून त्याने अठ्ठावन्न सेंटिमीटरची यलोबेली काढली होती. मासा सोनेरी पोटाचा, गोड्या पाण्यातला, दिसायला देखणा. पण तेव्हापासून उल्हास असा वागायचा, जणू ते धरणही त्यानेच बांधलंय.

"यलोबेली म्हणजे पेशन्सचा गेम आहे," तो चारुदत्तांना सांगत होता. चारुदत्त मंडळाचे अध्यक्ष, रिटायर्ड डॉक्टर, कुणाचंही बोलणं मन लावून ऐकणारे. "पण त्याआधी रिसर्च लागतो. लोक नुसते गळ टाकून बसतात. मी जमीन वाचतो."

सोफ्याच्या टोकाला बसलेल्या शैलाच्या हातातला ताकाचा पेला तोंडापाशीच थांबला. जमीन वाचतो म्हणे! दीड वर्षापूर्वी या माणसाला धरणाची भिंत कुठली आणि सांडवा कुठला हे कळत नव्हतं.

"आता लॉजिस्टिक्स कोण बघणार?" कामं वाटायची वेळ आली की उल्हासची नजर आपोआप बायकांकडे वळायची. "शैला वहिनी, तू बघशील? केबिन्स, खाणं, लायसन्स वगैरे. स्पॉटचं टेन्शन घेऊ नको, ते माझ्याकडे."

शेजारी बसलेल्या शिरीषने, म्हणजे शैलाच्या नवऱ्याने, घाबरून तिच्याकडे पाहिलं. वर्षभर उल्हासचं नाव निघालं की ती उठून स्वयंपाकघरात भांडी आपटायला जायची. आता इथे चारचौघांत काय बोलते कोण जाणे.

"नो वरीज," शैला गोड हसून म्हणाली. "सगळं प्लॅनिंग माझ्याकडे."

शिरीषने सुटकेचा श्वास सोडला. बायकोचा आवाज चढला की पुरुषांना भीती वाटते. तो गोड झाला की खरं भ्यायला हवं, पण हे शिकायला पंचवीस वर्षांचा संसारही पुरत नाही.

हा राग कसला, ते सांगायला हवं.

शैलाचे वडील, अप्पा, पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. तिचं लहानपण वीर धरणाच्या कॉलनीत गेलं. रविवारी सकाळी अप्पा बांबूची काठी, गळ आणि कणकेच्या गोळ्या घेऊन तिला धरणाच्या मागच्या पाण्यावर न्यायचे. "पाणी आलं म्हणून जमीन कुठे जात नाही, शैले," ते सांगायचे. "खाली जुनी नदी तशीच आहे, बैलगाडीचा रस्ता तसाच आहे. मासा अजून त्याच वाटांनी फिरतो. तू पाण्याकडे बघू नको, खालच्या गावाकडे बघ." ती खालच्या गावाकडे बघायची, आणि कॉलनीतली पोरं हात हलवत परतायची तेव्हा हिच्या पिशवीत दोन रोहू असायचे. पुढे ती इंजिनीअर झाली, सिडनीत एका काउन्सिलमध्ये पावसाच्या पाण्याच्या गटारांची डिझाइनं करू लागली, तरी जमिनीचा उतार बघायची सवय तिला अप्पांनीच लावलेली.

तीन वर्षांपूर्वी अप्पा सिडनीत शैला-शिरीषकडे, क्वेकर्स हिलला, आले होते. ऐंशीला टेकलेले. ब्लू माउंटन्स ओलांडून, लिथगो मागे टाकून ही दोघं त्यांना वाराबीनला घेऊन गेले. धरण तेव्हा काठोकाठ भरलेलं. शैलाने धरण होण्यापूर्वीचा सरकारी नकाशा शोधून आणला होता. बापलेकीने भाड्याची बोट घेऊन दोन दिवस दोरीला वजन बांधून खोली मोजली आणि ट्रेसिंग पेपरवर सगळं उतरवलं: जुनी नदी कुठे वळते, बुडालेली झाडं कुठे, कुंपणाचे खांब कुठे, आणि पाणी आत शिरलेल्या एका फाट्यात जुना खडीचा रस्ता आणि त्याखालची, ओढ्याचं पाणी जाऊ देणारी मोरी. या मोरीपाशी अप्पांनी पेन्सिलीने गोल केला, आत लिहिलं, साडेचार मीटर. यलोबेलीला बसायला याहून चांगली जागा नाही, म्हणाले.

शिरीष कागद गुंडाळायला गेला तर अप्पांनी त्याचं मनगट धरलं. "थांबा, जावईबापू. आजची पातळी बघा बरं." शिरीषने फोनवर सरकारी वेबसाइट उघडून पातळी वाचली. अप्पांनी नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात आपल्या तिरप्या अक्षरात लिहिलं: पातळी ९८ टक्के, ता. ६ नोव्हेंबर २०२२. "ज्या नकाशावर पातळी आणि तारीख नाही, तो नकाशा नव्हे. नुसतं चित्र. उद्या पाणी उतरलं की माणूस चित्र बघत चिखलात जातो."

दीड वर्षाने पुण्यात अप्पा गेले. शैला विमानातून उतरेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्यांच्या हातचं शेवटचं अक्षर तिच्याकडे राहिलं ते त्या कोपऱ्यातलं.

आणि मागच्या ऑक्टोबरमध्ये ती पहिल्यांदा अप्पांशिवाय वाराबीनला गेली. बरोबर उल्हास आणि त्याची बायको अंजू. पहाटे उठून नदीच्या वळणावर जायचं, अप्पांच्या नावाने पहिला गळ टाकायचा, असं तिने शिरीषला सांगून ठेवलं होतं. पहाटे उठली तर किनाऱ्यावर बोट नाही. उल्हास बोट घेऊन नेमका त्याच वळणावर बसला होता. आदल्या संध्याकाळी शिरीषने त्याला नकाशाचा फोटो पाठवला होता.

"त्याने विचारलं गं," शिरीष म्हणाला. "नाही कसं म्हणणार?"

शिरीषला उल्हासला नाही म्हणता येत नसे. तेवीस वर्षांपूर्वी ही दोघं नवी नवी सिडनीत आली तेव्हा उल्हासने त्यांना तीन महिने आपल्या फ्लॅटवर ठेवून घेतलं होतं, नोकरीसाठी शब्द टाकला होता. त्या तीन महिन्यांच्या बदल्यात शिरीषने पाठीचा कणाच त्याच्याकडे ठेवून दिला होता, असं शैलाचं मत होतं.

तरी एक वेळ मासा गेला तर गेला. पण दिवाळीला मंडळाचा अंक आला आणि त्यात उल्हासचा लेख. बोटीतला फोटो, हातात यलोबेली, आणि खाली: 'माझे एक काका पाटबंधारे खात्यात होते. ते नेहमी म्हणत, पाणी आलं म्हणून जमीन कुठे जात नाही. मासा अजून जुन्या वाटांनीच फिरतो.'

शैलाने ते ओट्यापाशी उभ्या उभ्या वाचलं, परत वाचलं, आणि गॅसवरचं दूध उतू गेलं तरी ती हलली नाही. बाप गेल्याचं दुःख माणूस गिळतो कसंतरी. पण बापाची वाक्यं उचलून कुणी आपल्या काकाच्या तोंडी घालावीत?

तिने फोन केला तर उल्हास हसला. "अगं वहिनी, रायटिंगमध्ये थोडी लिबर्टी घ्यावी लागते. सगळं एक्स्प्लेन करत बसलो तर फ्लो जातो." पुढे मंडळाच्या कार्यक्रमात त्याने तो लेख वाचून दाखवला, टाळ्या पडल्या, आणि पहिल्या रांगेत शिरीष मूग गिळून बसला. टाळ्या वाजवल्या नाहीत एवढंच. त्या दिवशी शैलाने डूख धरला. तिला मासा नको होता, माफीसुद्धा नको होती. त्याच मंडळींसमोर, उल्हासच्याच तोंडून, हे शैलाच्या वडिलांचं होतं, एवढं तिला ऐकायचं होतं. आणि ते ऐकल्याशिवाय ती मरणार नव्हती.

तर आता प्लॅनिंग.

तिने एक्सेल शीट उघडली आणि अशी काही कामाला लागली की बघणाऱ्याला वाटावं, बाईला मत्स्यावताराचं दर्शन झालंय. सहा कुटुंबांचं फिशिंग लायसन्स तिने आठवण करकरून काढायला लावलं. यलोबेली तीस सेंटिमीटरच्या आतली असेल तर परत सोडायची, माणशी पाचच ठेवायच्या, हे नियम तिने मराठीत लिहून ग्रुपवर टाकले. गांडुळं कुठून घ्यायची, याबी, म्हणजे आमिषाची झिंग्यासारखी छोटी जनावरं, कुठल्या दुकानात मिळतील, कुणी एस्की, म्हणजे बर्फाची पेटी, आणायची, कुणी थालीपिठाची भाजणी, सगळं नावानिशी. लाइफ जॅकेट्स तिने स्वतः तपासली, प्रत्येकाचा पट्टा ओढून. तिला उल्हासला बुडवायचं होतं, पण पाण्यात नव्हे.

केबिन्स मात्र तिने फार विचार करून निवडल्या. सगळ्यांना वाटलं वहिनी सूर्योदयासाठी पूर्वेच्या मागतील. तिने पश्चिमेकडच्या घेतल्या. त्यांचा व्हरांडा त्या मोरीच्या फाट्यासमोर यायचा, मध्ये झाड नाही की झुडूप नाही. बाल्कनीचं तिकीट काढावं तसं तिने ते बुकिंग केलं.

आणि रोज सकाळी चहाबरोबर ती धरणाची पातळी बघायची. पाऊस कमी झालेला, खालच्या शेतीला पाणी सुटत होतं. ऑगस्टमध्ये एकाहत्तर टक्के. मग अडुसष्ट. मग पासष्ट. जुनी नदी खोल, तिला फरक पडत नव्हता. पण मोरीचा फाटा उथळ. तिने दोनदा हिशेब केला. बासष्टच्या खाली पाणी गेलं की अप्पांच्या गोलात साडेचार मीटरऐवजी दीड फूट पाणी राहणार, आणि त्याखाली मांडीपर्यंत गाळ. पातळीचा आकडा कुणालाही बघता येतो, फुकट, फोनवर. पण उल्हासने अप्पांचं अर्धंच ज्ञान चोरलं होतं. कोपऱ्याबद्दल त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण त्याने कधी विचारलं नव्हतं.

आता फक्त नकाशा त्याच्यापर्यंत पोचायला हवा होता. मागच्या फोटोत नदीचं वळण तेवढं आलं होतं, हा फाटा नव्हता. आणि ग्रुपवर उल्हास 'यंदा नवा सीक्रेट स्पॉट' अशी शेखी मिरवून बसला होता. स्पॉट त्याच्याकडे नव्हता. तो कुठून येणार हे शैलाला ठाऊक होतं.

ट्रिपच्या आधीच्या शनिवारी दुपारी तिने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. कात्री घेतली. कोपऱ्यातल्या त्या तिरप्या अक्षरांवर बोट फिरवलं. ती क्षणभर थांबली आणि मनात म्हणाली, अप्पा, ओरडू नका. मग सरळ रेषेत कोपरा कापला, चष्म्याच्या डबीत ठेवला आणि मोठ्याने म्हणाली, "शिरीष, मी जरा ब्लॅकटाउनला जाऊन येते. दोन तास लागतील."

"बरं," शिरीष टीव्हीसमोरून म्हणाला.

नकाशावर तिने मिठाची बाटली ठेवली होती, मोरीच्या बरोबर वर. गाडीत बसल्यावर तिला स्वतःचाच राग आला, कारण मनाचा एक कोपरा म्हणत होता, नको. परत येशील तेव्हा बाटली तिथेच असू दे. हा माणूस एकदा तरी नाही म्हणू दे.

दोन तासांनी ती आली. मिठाची बाटली टेबलाच्या कडेला होती. शिरीष चहा करत होता.

"उल्हासचा फोन होता," तो पाठमोराच म्हणाला.

"काय म्हणत होता?"

"काही नाही. ट्रिपचंच."

शैलाने नकाशा गुंडाळला. ठीक आहे, तिने ठरवलं, मग चिखलाला दोघं चालतील.

वाराबीनला पोचले त्या आर्वोला, म्हणजे दुपारी, धरण पाहून कुणाच्याही लक्षात यायला हवं होतं. काठाकाठाने पिवळा मातीचा पट्टा उघडा पडला होता. उल्हासने गाडीमागून आपली टिनी, ती पत्र्याची छोटी बोट, उतरवली, नव्या मोटरचं कौतुक सांगितलं, नवा फिश फाइंडर सगळ्यांना दाखवला. पायात पांढरे शुभ्र नवे बूट.

शैलाने त्याला एक संधी दिली. सगळ्यांसमोर, मुद्दाम. पुढे कुणी बोट दाखवायला नको.

"उल्हास, यंदा पाणी बरंच खाली गेलंय. तुझा स्पॉट तपासलास का पातळी बघून?"

"वहिनी," तो हसून म्हणाला, "लेव्हल वगैरे बिगिनर्स बघतात. मला हा लेक पाठ आहे. तू उद्या पोह्यांचं बघ, मी माशाचं बघतो."

दोघं-तिघं हसले. शैलाही हसली. तिचं मन आता पाण्यासारखं स्वच्छ झालं होतं.

"चारुदत्त, तुमची पाठ दुखतेय ना, तुम्ही व्हरांड्यातून दुर्बिणीने बघा," उल्हास म्हणाला. "इथून समोरच आहे. मासा लागला की मी हात करीन. शिरीष, तू चल, जाळं धरायला."

रविवारी सकाळी उजाडताच दोघं निघाले. शैला पायरीवर उभी होती. शिरीषने बागेतले जुने रबरी गमबूट घातले होते.

"हे रे कशाला?" तिने विचारलं.

"असू देत," तो म्हणाला. तिने त्याच्या लाइफ जॅकेटचा पट्टा आवळला, जरा जास्तच. त्याने तिच्याकडे पाहिलं. "येतो," एवढंच म्हणाला.

ती आत गेली आणि कांदा चिरायला घेतला.

पोहे वाफेवर असतानाच मोटरचा आवाज आला. बायका-पुरुष चहाचे कप घेऊन व्हरांड्यात जमले. उल्हास फाट्यात शिरला तो मोठ्या ऐटीत, मोटर पूर्ण सोडून, पाण्याचे दोन पंख उडवत. एका हातात फोन, त्यावर नकाशाचा फोटो. व्हरांड्याकडे बघून त्याने मोटरचा दांडा सोडून दुसरा हात हलवला. आणि हात हवेत असतानाच बोट थांबली. हळू झाली नाही, थांबलीच. उल्हास पुढच्या फळीवर तोंडावर आपटला, फोन हातातून उडाला आणि पाण्यात गेला. मोटरने दोनदा काळा गाळ उडवला, घरघरली आणि बंद पडली.

"मासा लागला वाटतं," दुर्बीण लावून चारुदत्त म्हणाले.

"मोठा दिसतोय," अंजू म्हणाली.

पाच मिनिटं त्या दोघांची धडपड चालली. उल्हासने वल्हं खाली टेकवलं, ते अर्धं आत गेलं. बाहेर काढताना तुटलं. मग त्याने एक पाय बोटीबाहेर टाकला, तो मांडीपर्यंत गेला, आणि पाय वर आला तेव्हा पांढरा बूट खालीच राहिला होता. आता व्हरांड्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. शैलाने गॅस बंद केला, पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर भुरभुरली, पातेलं आणून मधल्या टेबलावर ठेवलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. शिरीष.

तिने फोन स्पीकरवर टाकला आणि पातेल्याशेजारी ठेवला.

"शैला, अडकलोय," शिरीषचा आवाज आला.

मागून उल्हास ओरडत होता, "रेस्क्यू बोलवा! चारी बाजूंनी नुसता चिखल आहे! हा नकाशा चुकीचा आहे, टोटली चुकीचा!"

"रेस्क्यू कशाला?" शैला शांतपणे म्हणाली. "दहा मिनिटांत पायाने बाहेर याल. कसं, ते मला माहीत आहे. सांगते. पण उल्हासला आधी एक विचारायचंय. कुठला नकाशा चुकीचा आहे?"

फोनमध्ये वारा तेवढा ऐकू आला. व्हरांड्यात कप खाली ठेवल्याचे आवाज झाले.

"वहिनी, आता ही वेळ आहे का?"

"माझ्याकडे भरपूर वेळ आहे. पोहेही झालेत. नकाशा कुणाचा?"

"तुझाच. तू केलेला."

"मी एकटीने?"

ऊन आता थेट बोटीवर आलं होतं आणि उल्हासच्या डोक्यावर टोपी नव्हती. "तुझ्या वडिलांनी," तो अखेर म्हणाला.

"आणि 'पाणी आलं म्हणून जमीन कुठे जात नाही', हे कुणाचं?"

"त्यांचंच."

"तुझे काका नाही म्हणायचे?"

"ह्याचे काका?" अंजू न राहवून बोलली. "अहो, त्यांचं तर डोंबिवलीला चष्म्याचं दुकान होतं!"

चारुदत्तांनी दुर्बीण खाली घेतली. अंकाचे संपादकही तेच होते. "उल्हास," ते फोनकडे वाकून म्हणाले, "पुढच्या अंकात हे लिहून द्यावं लागेल तुला."

"देतो," फोन म्हणाला.

इथे थांबता आलं असतं. पण वर्षभर साठवलेलं असं अर्ध्यावर सोडवत नाही. "त्यांचं नाव काय होतं, उल्हास?" शैलाने विचारलं. "तू दोनदा जेवला आहेस त्यांच्या पंगतीला."

उल्हास काय सांगणार? त्याने कधी विचारलं नव्हतं. शैलाला वाटलं होतं या क्षणी तिला आनंद होईल. पण तिला टेबलाची कड धरावी लागली. माणसाचं सगळं घेतलं, आणि नावसुद्धा माहीत करून घेतलं नाही.

तेव्हा शिरीषचा आवाज आला, सावकाश, हजेरी घ्यावी तसा. "दिनकर सखाराम खैरमोडे. शाखा अभियंता, पाटबंधारे खातं, वीर धरण."

"तू नको," शैला म्हणाली, पण तिचा आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता. "त्याने म्हणायचंय."

उल्हासने म्हटलं. पूर्ण नाव, हुद्दा, धरण. व्हरांड्यातल्या अकरा माणसांनी ऐकलं.

"आता डावीकडे बघा," शैला म्हणाली. "कुंपणाचे खांब पाण्याबाहेर आलेत ना? त्यांच्या अलीकडे, बोटीपासून हातभर अंतरावर जुना खडीचा रस्ता आहे. घोट्याएवढं पाणी आहे त्याच्यावर. खांबांना धरून सरळ चालत या."

"वेडी आहे का ही?" उल्हास म्हणाला. "परत रुतायचं?"

पण शिरीष तोवर उतरला होता. तो एकदाही चाचपडला नाही. गमबूट खडीवर टेकले, उभा राहिला, आणि उल्हासला हात दिला. मग ती वरात निघाली. पुढे शिरीष, मागे एका पायात बूट घातलेला उल्हास, खडी टोचते म्हणून प्रत्येक पावलाला कळवळणारा. सगळ्यांनी ती पाहिली. शैलाने केबिन्स चांगल्या निवडल्या होत्या.

उल्हास कुणाकडे न बघता थेट आपल्या केबिनमध्ये गेला. शिरीष व्हरांड्याच्या पायरीशी थांबला, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि शैलाच्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "कोपरा कुठे आहे?"

"कसला कोपरा?"

"अप्पांनी लिहिलेला. कापलास तो."

शैलाने त्याच्याकडे पाहिलं. मग चष्म्याची डबी उघडली आणि तो कागदाचा तुकडा त्याच्यापुढे धरला. चिखलाचा हात लागू नये म्हणून त्याने हात मागे घेतला आणि नुसताच वाचला.

"आज एकसष्ट आहे," तो म्हणाला. "काल निघतानाच बघितलं होतं."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"फोटो काढताना कोपरा नाही दिसला, तेव्हाच कळलं. तू अप्पांचं अक्षर उगाच कापणार नाहीस."

"मग बोलला का नाहीस त्याला? आणि स्वतः कशाला बसलास बोटीत?"

शिरीषने खांद्याने कपाळावरचा घाम पुसला. "मागच्या वर्षी बोलायला हवं होतं तेव्हा गप्प बसलो. म्हटलं, या वेळी पण गप्पच बसतो. आणि त्याला एकट्याला कसा पाठवणार? फोटो काय, दोन्ही वेळा मीच दिला होता."

शैलाने तो तुकडा परत डबीत ठेवला, डबी नीट बंद केली. माफ केलं असं ती लगेच म्हणणार नव्हती. अजून वर्षभर तरी नाही.

"नळ मागच्या बाजूला आहे," ती म्हणाली. "पाय धुऊन ये."

तो आला तोवर तिने पोह्यांची एक प्लेट भरली होती, वर लिंबाची फोड. उल्हासची मात्र तिने भरली नाही.